तलवारबाजीचा क्लब उभा राहतो कशावर?

मुलाला किंवा मुलीला तलवारबाजीला घालायचं ठरलं की घरात आधी पैशांची चर्चा होते, मग डोळ्याला लागलं तर काय याची, आणि शेवटी 'यातून पुढे काय' याची. शिकवणारं कोण आहे, हा प्रश्न बहुतेक घरांत निघतच नाही. मला तोच प्रश्न सगळ्यात आधी विचारण्याजोगा वाटतो. या खेळाबद्दल जे समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, त्यातले निम्मे तरी प्रशिक्षकाकडे दुर्लक्ष केल्यामुळेच टिकून आहेत.

हे समज तपासायला न्यू यॉर्कमधल्या एका संस्थेइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. पीटर वेस्टब्रूक फाउंडेशन हे तिचं नाव. १९९१ साली मॅनहॅटनमध्ये शनिवारी सकाळी सहा मुलांना घेऊन तिचा वर्ग सुरू झाला. या वर्गातून पुढे ऑलिंपिकपटूंची रांग लागली. क्लब कसा स्थापन होतो, तो कोण चालवतं आणि मुलं तिथे का टिकतात, हे सगळं या एका वर्गाच्या तीस-बत्तीस वर्षांत उघडपणे पाहायला मिळतं.

गैरसमज : तलवारबाजी हा श्रीमंतांच्या मुलांचा खेळ आहे.

हा समज पूर्ण खोटा म्हणता येणार नाही. खेळ महाग आहे. मास्क, जॅकेट, आतलं प्लॅस्ट्रॉन, हातमोजा, बॉडी वायर, फॉइल आणि सेबर या दोन प्रकारांसाठी धातूच्या धाग्यांनी विणलेलं लामे जॅकेट, आणि स्वतः तलवार हे सगळं आलंच. त्यात पाती सरावात तुटतात, म्हणजे एकदा घेतली आणि झालं असंही नाही. न्यू यॉर्कमध्ये जागेचं भाडं, प्रशिक्षकाच्या वैयक्तिक धड्याची फी आणि स्पर्धांचा प्रवास धरला तर हा खेळ खात्यापित्या घरांपुरताच उरतो.

पण पीटर वेस्टब्रूक कुठून आले ते पाहा. १९५२ साली जन्मलेला हा मुलगा न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात, गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी वसाहतीत वाढला. वडील कृष्णवर्णीय अमेरिकन, आई मारिको जपानी. वडील घर सोडून गेल्यावर आईने एकटीने संसार ओढला. मुलगा रस्त्यावरच्या मारामाऱ्यांत अडकतोय हे तिला दिसत होतं. जपानी घरात वाढल्यामुळे तलवारीच्या विद्येबद्दल तिला आदर होता. म्हणून तिने मुलाला सांगितलं की तलवारबाजीच्या वर्गाला गेलास तर पाच डॉलर देईन. तो गेला, त्याला गोडी लागली, आणि त्याच खेळाच्या शिष्यवृत्तीवर तो न्यू यॉर्क विद्यापीठात शिकला. पुढे सेबर प्रकारात तेरा वेळा राष्ट्रीय विजेता, सहा ऑलिंपिक संघांमध्ये निवड आणि १९८४ साली लॉस एंजेलिसला वैयक्तिक कांस्यपदक. १९६० नंतर तलवारबाजीत अमेरिकेला मिळालेलं ते पहिलंच ऑलिंपिक पदक होतं.

तेव्हा खेळ श्रीमंतांचा असतो तो दार कोण उघडतं यावरून. वेस्टब्रूक यांच्यासाठी आधी आईने आणि मग शाळेने दार उघडलं. आपण स्थिरावल्यावर त्यांनी तेच काम दुसऱ्यांच्या मुलांसाठी करायला घेतलं. नाममात्र खर्चात, क्लबच्याच मास्क-तलवारी वापरून मुलं शिकू लागली.

गैरसमज : क्लब काढायचा म्हणजे आधी जागा, हॉल, सगळी यंत्रणा हवी.

वेस्टब्रूक यांच्याकडे स्वतःचा हॉल नव्हता. होता तो फेन्सर्स क्लब. १८८३ साली स्थापन झालेला हा क्लब अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या तलवारबाजी क्लबांपैकी एक आहे, आणि वेस्टब्रूक तिथेच सराव करून मोठे झाले होते. पिस्ट, म्हणजे लढतीच्या पट्ट्या, आखलेल्या होत्या, गुण दाखवणारे दिवे होते, तलवारी टांगायला रॅक होते. शनिवार सकाळची वेळ मागून घेतली आणि वर्ग सुरू झाला.

आपल्याकडच्या क्रीडा संघटकांनी ही गोष्ट खरोखर मनावर घ्यावी असं मला वाटतं. नवा क्लब म्हटलं की आपण भूखंड, शेड आणि अनुदानाच्या फायलीत अडकतो. शाळांचे हॉल रविवारी कुलूपबंद असतात. चौदा मीटर लांब आणि दीड-दोन मीटर रुंद सपाट पट्टी मिळाली की तलवारबाजीची एक पिस्ट होते. यंत्रणा नंतर येते, पण शिकवणारा माणूस मात्र पहिल्या दिवसापासून लागतो.

गैरसमज : ऑलिंपिकपटूने क्लब काढला की तोच सगळ्यांना शिकवतो. मोठा खेळाडू म्हणजे मोठा गुरू.

या समजाबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण तलवारबाजीच्या क्लबचं सगळं मर्म इथे आहे.

कबड्डी, फुटबॉल किंवा बास्केटबॉलमध्ये एक प्रशिक्षक एका वेळी वीस-पंचवीस मुलांना पुढे नेऊ शकतो. तलवारबाजीत तसं होत नाही. पायांचा सराव, म्हणजे पुढे-मागे सरकणं, लंज, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून केलेला वार, आणि त्यातून सावरून परत ऑन गार्ड, म्हणजे तयारीच्या पवित्र्यात येणं, हे सगळं रांगेत करता येतं. पण हात तयार होतो तो वैयक्तिक धड्यात. हा धडा कधी जवळून पाहा. प्रशिक्षकाच्या अंगात जाड कातडी जॅकेट, तलवारीच्या हातावर कातडी बाही, तोंडावर मास्क. समोर दहा-अकरा वर्षांची मुलगी. प्रशिक्षक आपलं पातं बोटभर बाजूला नेतो, छाती उघडी पडते आणि मुलीने त्याच क्षणी लंज मारायचा. तिने मारला की पुढच्या वेळी तो तसंच पातं हलवतो, पण या वेळी मागे सरतो. मुलीचा लंज हवेत जातो. तो एक शब्दही बोलत नाही. पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती अर्धं पाऊल थांबून बघते, तो मागे जातोय का थांबतोय, आणि मगच मारते. टोक छातीवर लागतं, पातं वर वाकतं, आणि प्रशिक्षक मान हलवून लगेच पुढची चाल देतो. वीस मिनिटांच्या अशा धड्यात शेकडो प्रश्न विचारले जातात आणि ते सगळे पात्याने विचारले जातात.

असा धडा देणं हे खेळण्याहून वेगळं कसब आहे. जिंकणाऱ्या खेळाडूला आपला वेग लपवता यायला हवा. प्रशिक्षकाला आपला वेग समोरच्या मुलीच्या मापाने कापून घ्यावा लागतो, चूक मुद्दाम आणि नेमकी करावी लागते. म्हणून उत्तम खेळाडू आपोआप उत्तम प्रशिक्षक होत नाही. वेस्टब्रूक यांना हे पक्कं ठाऊक होतं, कारण ते स्वतः चाबा एल्तेश यांच्या हाताखाली तयार झाले होते.

एल्तेश हंगेरीचे. सेबरमध्ये हंगेरीची सद्दी किती मोठी होती याचा अंदाज एका गोष्टीवरून येईल: १९२४ पासून १९६४ पर्यंत प्रत्येक ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या वैयक्तिक सेबरचं सुवर्ण हंगेरीच्याच खेळाडूने नेलं. १९५६ चा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडल्यानंतर अनेक हंगेरियन देश सोडून गेले. एल्तेशही अमेरिकेत आले, न्यू यॉर्कमध्ये शिकवू लागले आणि पुढची कित्येक वर्षं अमेरिकेच्या ऑलिंपिक संघांचे प्रशिक्षक राहिले. शिस्तीला अतिशय कडक म्हणून त्यांची ख्याती होती. बुडापेस्टची विद्या नेवार्कच्या वसाहतीतल्या मुलाच्या हातात गेली ती अशी, एका निर्वासित माणसामार्फत.

फाउंडेशनच्या मुलांच्या वाट्याला असाच आणखी एक माणूस आला. युरी गेलमन मूळचे कीव्हचे. १९९१ साली, म्हणजे ज्या वर्षी शनिवारचा वर्ग सुरू झाला त्याच वर्षी, ते सोव्हिएत युक्रेनमधून अमेरिकेत आले. पुढे सेंट जॉन्स विद्यापीठाचे आणि अमेरिकेच्या पुरुष सेबर संघाचे ते प्रशिक्षक झाले. कीथ स्मार्ट आणि डॅरिल होमर हे शनिवारच्या वर्गातून आलेले दोघे त्यांच्याच धड्यांवर जगातल्या पहिल्या फळीत पोचले. फाउंडेशनची पद्धत साधी होती: शनिवारी सगळ्यांना शिकवायचं, आणि ज्यांच्यात चिकाटी दिसेल त्यांना आठवड्यातल्या इतर दिवशी पट्टीच्या प्रशिक्षकांकडे सोपवायचं. आपण संस्थापक आहोत म्हणून प्रत्येक मूल आपल्याच हाताखाली राहावं, असा हट्ट वेस्टब्रूक यांनी धरला नाही. क्लब काढणाऱ्या माजी खेळाडूला हे जमणं किती अवघड असतं, ते मैदानावर वावरणारे जाणतात.

आणखी एक गोष्ट घडली, जी पैसे देऊन घडवता येत नाही. शिकलेली मुलं शिकवायला परत आली. अखेनातेन स्पेन्सर-एल हा याच वर्गातला मुलगा, २००० साली सिडनी ऑलिंपिकला सेबर खेळला. नंतर तो प्रशिक्षक झाला आणि त्याने जिला घडवलं ती इब्तिहाज मुहम्मद. २०१६ साली रिओला हिजाब घालून उतरलेली ती पहिली अमेरिकन ऑलिंपिकपटू, आणि तिच्या संघाने सेबरमध्ये कांस्यपदक मिळवलं. एल्तेशपासून वेस्टब्रूक, त्यांच्यापासून स्पेन्सर-एल, आणि त्याच्यापासून इब्तिहाज. गाण्यातलं घराणं जसं गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात उतरतं, तसं इथे ते पात्यातून पात्यात उतरलं. शनिवारी सकाळी नवशिक्यांच्या रांगेसमोर ऑलिंपिकपटू उभे राहून लंज दुरुस्त करतात, हे त्या हॉलमध्ये नवलाचं राहिलेलं नाही. म्हणून क्लबच्या प्रशिक्षक वर्गाकडे पाहताना मी नावांच्या यादीपेक्षा एक गोष्ट आधी शोधते: इथेच शिकलेलं कुणी इथे शिकवतंय का?

गैरसमज : क्लब मुळातच हुशार, चपळ मुलं निवडतो. आपलं मूल त्यातलं नाही.

डॅरिल होमर ब्राँक्समध्ये वाढला. लहानपणी शब्दकोश चाळताना त्याला तलवारबाजीचा शब्द दिसला आणि त्याने आईमागे लकडा लावला. अकराएक वर्षांचा असताना तो शनिवारच्या वर्गात पोचला. याच वर्गातली लॉरेन स्क्रग्ज भावामागोमाग आली. भावाला हा खेळ हवासा वाटला तो 'स्टार वॉर्स'मुळे. इब्तिहाजच्या घरच्यांना असा खेळ हवा होता ज्यात अंग पूर्ण झाकलेलं असेल. वेस्टब्रूक स्वतः पाच डॉलरसाठी गेले होते. यातल्या कुणालाही कुणी हेरून, निवड चाचणी घेऊन उचललेलं नव्हतं.

गैरसमज : हा चिडक्या, आक्रमक मुलांचा खेळ. राग असेल तर फायदाच.

वेस्टब्रूक यांनी १९९७ साली आत्मचरित्र लिहिलं. त्याच्या शीर्षकातच राग काबूत आणण्याची गोष्ट आहे. त्यांच्याजवळ राग पुष्कळ होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही. पण पिस्टवर निव्वळ राग घेऊन उतरणारा खेळाडू फार काळ टिकत नाही. त्याचं कारण खेळाच्या नियमांतच आहे.

फॉइल आणि सेबरमध्ये दोघांनी एकाच वेळी वार केला आणि दोन्ही दिवे लागले, तर गुण कुणाला द्यायचा हे पंच ठरवतो. हल्ला ज्याने आधी सुरू केला त्याला अग्रहक्क असतो. समोरच्याने तो हल्ला पॅरीने, म्हणजे पात्याने अडवला, की हक्क त्याच्याकडे जातो आणि त्याची रिपोस्ट, म्हणजे उलटवार, मोजला जातो. चिडून नुसता पुढे धावणारा खेळाडू वार लावतो, त्याचा दिवा लागतो, आणि तरी गुण समोरच्याला जातो. इपी या तिसऱ्या प्रकारात अग्रहक्काचा नियम नाही. तिथे पायाच्या बोटापासून मास्कपर्यंत सगळं अंग लक्ष्य असतं आणि एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागात दोघांचे वार लागले तर दोघांनाही गुण मिळतो. तिथे तर घाई करणाऱ्याचं मनगटच आधी टिपलं जातं. मुलांना या नियमांचा अर्थ बोलून कळत नाही. हरल्यावर, पंचाच्या निर्णयावर तडफडल्यावर आणि प्रशिक्षकाने शांतपणे 'तुझं पातं त्याने कुठे अडवलं सांग' असं विचारल्यावर तो कळतो.

कीथ स्मार्टची गोष्ट या संदर्भात सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्रुकलिनचा हा मुलगा आणि त्याची बहीण एरिन, दोघंही फाउंडेशनच्या अगदी पहिल्या मुलांपैकी. २००३ साली कीथ सेबरच्या जागतिक क्रमवारीत पहिला आला. तोवर कुणा अमेरिकनाला ते जमलेलं नव्हतं. २००४ साली अथेन्स ऑलिंपिकला सांघिक सेबरमध्ये अमेरिका उपांत्य सामना फ्रान्सकडून ४५-४४ ने हरली, आणि कांस्यपदकाचा सामना रशियाकडून पुन्हा ४५-४४ ने. दोन्ही वेळा शेवटच्या गुणाला पिस्टवर कीथच होता. एका दिवसात दोनदा, एकेका वाराने पदक गेलं. चार वर्षांनी, बीजिंगच्या काही महिने आधी, त्याला रक्ताचा गंभीर आजार झाला आणि त्याच सुमारास आईही गेली. तरी तो बीजिंगला उतरला. उपांत्यपूर्व सामना हंगेरीविरुद्ध ४५-४४ ने जिंकला. उपांत्य सामना रशियाविरुद्ध ४५-४४ ने जिंकला. दोन्ही वेळा शेवटचा वार कीथचा. संघाला रौप्य मिळालं. त्याच ऑलिंपिकमध्ये एरिनच्या फॉइल संघानेही रौप्य मिळवलं. अथेन्सचा तो दिवस उराशी धरून माणूस चार वर्षं चिडत बसला असता तर बीजिंगला ४४-४४ वर हात थरथरला असता.

गैरसमज : खेळ धोकादायक आहे. डोळा जाईल.

आईवडिलांची ही भीती मी कधीच हसण्यावारी नेत नाही, कारण तिच्यामागे एक खरी घटना आहे. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत पश्चिम जर्मनीच्या माथियास बेअरचं पातं तुटलं आणि तुटलेलं टोक सोव्हिएत विजेता व्लादिमीर स्मिरनोव्ह याच्या मास्कमधून आत घुसलं. स्मिरनोव्हचा मृत्यू झाला. तो नुकताच ऑलिंपिक विजेता झालेला होता. त्यानंतर खेळाची साधनं मुळापासून बदलली. मास्कची जाळी आणि तिचा दर्जा, कपड्यांचं कापड आणि पात्यांचं पोलाद या सगळ्यांचे निकष कडक झाले. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धेतला पोशाख ८०० न्यूटनच्या भेदनचाचणीला उतरावा लागतो, आणि गळा झाकणारा मास्कचा बिब १६०० न्यूटनच्या.

पण नियम कागदावर असतात, आणि रोजचा सराव क्लबमध्ये चालतो. मास्क तपासायला एक साधं हत्यार असतं, टोकदार स्प्रिंगचं, बारा किलो दाबाचं. जाळीवर ते दाबायचं. जाळीची भोकं रुंदावली किंवा गंजलेली जागा खचली, तर तो मास्क बाद. चांगला प्रशिक्षक हे न सांगता करतो, आणि मूल प्लॅस्ट्रॉन विसरून आलं असेल तर 'आजचा दिवस चालेल' असं म्हणत नाही. तलवारबाजीत जास्त करून घोटा, गुडघा आणि मांडीचे स्नायू दुखावतात, जसे पळण्याच्या कुठल्याही खेळात दुखावतात. पायाच्या सरावात घाई करणारा प्रशिक्षक मला तुटक्या पात्याइतकाच धोक्याचा वाटतो.

गैरसमज : क्लब चांगला की वाईट हे पदकांवरून ठरतं.

पदकं सांगायलाच हवीत, कारण ती कष्टाची आहेत. २०१६ साली डॅरिल होमरला वैयक्तिक सेबरचं रौप्य मिळालं. पुरुषांच्या वैयक्तिक सेबरमध्ये अमेरिकेला त्याआधीचं ऑलिंपिक पदक मिळालं होतं ते १९८४ चं, त्याच्या गुरूचं. फाउंडेशनच्याच न्झिंगा प्रेस्कॉडने २०१५ च्या जागतिक स्पर्धेत फॉइलचं वैयक्तिक कांस्य मिळवलं. २८ जुलै २०२४ रोजी पॅरिसमध्ये लॉरेन स्क्रग्जला फॉइलचं वैयक्तिक रौप्य मिळालं. तलवारबाजीत वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री. काही दिवसांतच तिच्या संघाने सुवर्ण जिंकलं. तलवारबाजीतलं अमेरिकेचं ते पहिलं सांघिक ऑलिंपिक सुवर्ण होतं.

तरीही फाउंडेशनमधून गेलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी ऑलिंपिकचं गाव पाहिलेलं नाही, आणि संस्थेने तसं वचनही कधी दिलं नाही. तलवारीइतकंच तिथे अभ्यासाला महत्त्व होतं. शाळेचे गुण विचारले जात, शिकवणीला बसवलं जाई, निबंध लिहून घेतले जात. अमेरिकेत अनेक चांगल्या विद्यापीठांना तलवारबाजीचे संघ असतात, त्यामुळे हा खेळ उच्च शिक्षणाचा रस्ताही होतो. एरिन स्मार्ट बर्नार्डला शिकली, इब्तिहाज ड्यूकला, लॉरेन हार्वर्डला. ब्राँक्स आणि ब्रुकलिनच्या मुलांसाठी हा फायदा पदकाहून मोठा होता असं माझं मत आहे, आणि संस्थापकाने तो पहिल्यापासून ओळखला होता. त्याला स्वतःलाही तलवारीनेच विद्यापीठात नेलं होतं.

वेस्टब्रूक २९ नोव्हेंबर २०२४ रोजी, बहात्तराव्या वर्षी गेले. लॉरेनचं पॅरिसचं पदक त्यांच्या हयातीत आलं, ही गोष्ट मनाला बरी वाटते.

गैरसमज : हे सगळं तिकडचं. आपल्याकडे तलवारबाजी म्हणजे दांडपट्टा आणि मर्दानी खेळ.

मर्दानी खेळांची परंपरा वेगळी आणि मोलाची आहे, पण त्यांचा आणि ऑलिंपिकच्या तलवारबाजीचा मैदानावर फारसा संबंध येत नाही. पवित्रा निराळा, शस्त्र निराळं, गुण मोजण्याची रीत निराळी. ऑलिंपिकच्या तलवारबाजीला महाराष्ट्र नवा नाही. छत्रपती संभाजीनगरला भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) केंद्रात हा खेळ वर्षानुवर्षं शिकवला जातो, आणि शालेय स्पर्धांमुळे तो जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला आहे.

भारताची पहिली ऑलिंपिक तलवारबाज भवानी देवी चेन्नईची. २००४ साली शाळेत तिने हा खेळ घेतला. तलवारी महाग, म्हणून सराव बांबूच्या काठ्यांनी व्हायचा आणि खरी तलवार स्पर्धेपुरतीच हातात यायची. चौदाव्या वर्षी तुर्कस्तानातल्या तिच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पिस्टवर पोचायला तीन मिनिटं उशीर झाला आणि पंचाने काळं कार्ड दाखवून तिला बाद केलं. शाळा झाल्यावर ती केरळमध्ये थलश्शेरीच्या साई केंद्रात गेली आणि प्रशिक्षक सागर लागू यांच्या हाताखाली तिची घडण झाली. लागू हे आडनाव मराठी वाचकाला ओळखीचं आहे, पण या प्रशिक्षकाचं नाव किती जणांनी ऐकलं असेल? पुढे ती इटलीत लिव्होर्नोला निकोला झानोत्ती यांच्याकडे गेली. टोकियो ऑलिंपिकमध्ये पहिला सामना १५-३ असा जिंकली, दुसरा फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून ७-१५ असा हरली. २०२३ साली आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने विश्वविजेत्या मिसाकी एमुराला हरवून कांस्य मिळवलं. या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं पदक.

चेन्नई, थलश्शेरी, लिव्होर्नो: प्रत्येक टप्प्यावर तिच्यासमोर कातडी जॅकेट घालून कुणीतरी उभं होतं, म्हणून ती पुढच्या टप्प्यावर पोचली. तेव्हा मुलाला क्लबमध्ये घालणाऱ्या आईवडिलांना मी काही नेमक्या गोष्टी विचारायला सांगते. आठवड्यात वैयक्तिक धडे किती, आणि ते कोण देतं? प्रशिक्षक कुणाकडे शिकले? मुलगी स्पर्धेला बाहेरगावी गेली तर पिस्टवर वेळेवर पोचवायला सोबत कोण जातं? क्लबचे मास्क शेवटचे कधी तपासले? आणि सरावाच्या वेळी अर्धा तास हॉलच्या कडेला बसून पाहा. मोठी मुलं आपला सराव थांबवून लहानांच्या पात्याची पकड दुरुस्त करत असतील, तर फॉर्म तिथेच भरून टाका.